मुक्त सॉफ्टवेअरला लेखनिक हवेत

रव्याच्या लाडवांना पाक कसा हवा, असे घरातल्या जाणत्या बाईला विचारून पाहावे. 'एकतारी,' असे उत्तर येईल. एकतारी म्हणजे किती वेळ उकळायचा? 'ते कळते आपोआप.' रवा किती भाजायचा? 'खमंग वास सुटेपर्यंत.' आणि तूप? 'अंदाजाने घाल.' यातले एकही उत्तर चुकीचे नाही आणि पहिल्यांदाच कढई चढवणाऱ्याला यातल्या एकाचाही उपयोग नाही. हात बसलेल्या माणसाला आपल्याला काय काय येते, हेच आठवत नसते. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांतून ठाण मांडून बसले, ते काही त्यात कधी न ऐकलेले पदार्थ होते म्हणून नव्हे. 'अंदाजाने'च्या जागी वाटी आणि चमचा आले, म्हणून.

हे आठवण्याचे कारण मात्र स्वयंपाकघरातले नाही, संगणकातले आहे. जगभरातल्या हजारो प्रोग्रामरांनी, काहींनी नोकरीचा भाग म्हणून आणि काहींनी निव्वळ हौसेने, सॉफ्टवेअरचे एक प्रचंड भांडार उभे केले आहे. त्याला 'ओपन सोर्स' किंवा मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, छायाचित्रे दुरुस्त करणे, चित्रपट पाहणे, पुस्तकाची पाने जुळवणे, सगळ्याची सोय त्यात आहे आणि ते कुणालाही मोकळे आहे. पण या भांडारातल्या पुष्कळ बरण्यांवर 'अंदाजाने घाला' एवढीच चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठी बदलण्याचे काम प्रोग्रामरांना नीटसे जमत नाही. ज्यांना प्रोग्रामिंगमधले ओ की ठो कळत नाही, अशा माणसांचे ते काम आहे. म्हणजे तुमचे आणि माझे.

थोडा इतिहास सांगायला हवा, पण थोडाच. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते हवे त्या कामासाठी चालवण्याचे, आत डोकावून पाहण्याचे, बदलण्याचे आणि शेजाऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य हवे, हे त्यांचे म्हणणे. इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाने त्यांची फार पंचाईत केली; तो शब्द स्वातंत्र्यालाही लागतो आणि फुकटालाही. जन्मभर त्यांना हा खुलासा करत राहावे लागले. मराठीत ही अडचण नाही, आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मधले. हे सारे आपल्यापासून दूर आहे असे वाटत असेल, तर खिशातला अँड्रॉइड फोन बाहेर काढून पाहावा. त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे.

गंमत अशी की या परंपरेच्या मुळाशी चांगले लेखन होते. लिनक्सचा पूर्वज म्हणावा अशा 'युनिक्स' या प्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि नावे आहेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांची. प्रत्येक आज्ञेची एक नोंद, आणि त्या नोंदीत 'दोष' असे एक स्वतंत्र कलम. आपल्या मालातली खोट आपणच छापणारा कारखानदार मला तरी दुसरीकडे भेटलेला नाही. पण ही पुस्तिका लिहिली गेली ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तज्ज्ञासाठी. १९९२ मध्ये लिनक्सच्या कागदपत्रांचा एक स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला आणि 'हे कसे करावे' अशा थाटाच्या छोट्या पुस्तिका स्वयंसेवक लिहू लागले. स्टॉलमन यांनीही आग्रहाने मांडले की सॉफ्टवेअर मुक्त असेल तर त्याची पुस्तिकाही मुक्त हवी. यंत्रात बदल करण्याचा हक्क आहे, पण पुस्तिकेत तो बदल नोंदवण्याचा हक्क नाही, याला काय अर्थ? त्यासाठी २००० साली कागदपत्रांचा वेगळा परवानाही तयार झाला.

एवढे होऊनही दुखणे बरे झाले नाही. २०१७ साली 'गिटहब' या कंपनीने मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आणि घडवणाऱ्या साडेपाच हजार लोकांची पाहणी केली. सर्वांत मोठी तक्रार कोणती निघाली? सॉफ्टवेअर मध्येच बंद पडते, ही नव्हे. अपुरी किंवा गोंधळात टाकणारी माहिती, ही. शंभरातल्या त्र्याण्णव जणांना ती जाचत होती. आणि त्याच पाहणीत, प्रकल्पांना हातभार लावणाऱ्या शंभरातल्या साठ जणांनी सांगितले की माहितीच्या लेखनाला आम्ही क्वचितच हात लावतो, किंवा कधीच लावत नाही. म्हणजे ओटा घासलेला हवा हे घरातल्या सगळ्यांना मान्य, घासणी कुणी उचलायची एवढाच प्रश्न.

यात प्रोग्रामरांचा आळस आहे असे मला वाटत नाही. अडचण ज्ञानाची आहे, आणि ती मी माझ्या नोकरीत जवळून पाहिली.

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले, तेव्हा त्यांच्याबरोबर मुख्य कार्यालयाकडून एक जाडजूड बाड आले. इंग्रजीत टंकलेले, कलमे आणि उपकलमे पाडलेले. ज्यांनी ते लिहिले त्यांना सगळे येत होते, त्यामुळे शाखेतल्या माणसाला जे नेमके येत नव्हते ते त्यात कुठेच नव्हते. संध्याकाळी दिवसअखेरीची प्रक्रिया सुरू केली की मधेच पडदा काळा पडायचा. बाडात याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या एका ज्येष्ठ कारकुनांनी मग एक दोनशेपानी वही घातली. तिच्यात मराठीत लिहिलेले असे : 'चौथ्या पायरीनंतर पडदा काळा होतो. घाबरू नये. कोणतेही बटण दाबू नये. पाच ते सात मिनिटांनी आपोआप परत येतो. दहा मिनिटांनी आला नाही तरच फोन करावा.' खाली फोन नंबर, आणि पलीकडचा माणूस साडेसहाला जातो ही टीप. त्या गृहस्थांना प्रोग्रामिंग सोडाच, टंकलेखनही दोन बोटांनी येत असे. पण शाखा चालली ती त्या वहीवर. त्यांची बदली झाली तेव्हा निरोप समारंभाआधी वहीच्या झेरॉक्स काढून घेतल्या गेल्या आणि नंतर त्या आजूबाजूच्या शाखांतूनही फिरल्या.

त्या वहीत असे काय होते? एका न येणाऱ्या माणसाने, येऊ लागण्याच्या काळात, अडलेली प्रत्येक जागा तिथल्या तिथे लिहून ठेवली होती. न येण्याची ही अवस्था फार थोडे दिवस टिकते. पंधरवड्याने आपण अडखळलो होतो हेच विसरायला होते आणि मग आपणही दुसऱ्याला 'ते कळते आपोआप' असे सांगू लागतो. नवशिक्याचे अज्ञान नाशिवंत मालासारखे असते. ते ताजे असतानाच कागदावर उतरले पाहिजे, आणि हे काम कितीही मोठ्या प्रोग्रामरला करता येत नाही, कारण त्याच्याकडचा तो माल केव्हाच संपलेला असतो.

आता हे काम प्रत्यक्षात कुठे आणि कसे होते, ते पाहू. उदाहरण म्हणून 'लिबरऑफिस' घेतो, कारण घरगुती वापराला ते सगळ्यांत जवळचे. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, सादरीकरण असा संपूर्ण कचेरीचा संच. मूळचे ते जर्मनीतल्या 'स्टार डिव्हिजन' या कंपनीचे. १९९९ साली 'सन'ने ती कंपनी घेतली, २००० साली त्याचा स्रोत 'ओपनऑफिस' म्हणून खुला झाला, पुढे 'सन'लाच 'ओरॅकल'ने घेतले आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडली. ती चूल आज 'डॉक्युमेंट फाउंडेशन' या जर्मनीत नोंदलेल्या प्रतिष्ठानाच्या छत्राखाली धडधडते आहे. मराठीतही हा संच चालतो. मेनूतले शब्द मराठीत दिसतात.

या संचाची वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, नवी आवृत्ती निघते. दर वेळी काही बटणे जागा बदलतात, काही नवी येतात, आणि पुस्तिका शिळी होते. मग स्वयंसेवकांपैकी कुणीतरी एक प्रकरण मागून घेतो. समजा, तक्त्यांचे प्रकरण. जुना मजकूर समोर ठेवून नव्या आवृत्तीत प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची. लिहिले आहे तसे झाले तर पुढे जायचे. नाही झाले तर वाक्य दुरुस्त करायचे, पडद्याचे नवे चित्र काढून घालायचे. हे सारे लिबरऑफिसच्याच लेखन-साधनात, बदलांची नोंद ठेवण्याची सोय चालू करून. म्हणजे काय खोडले आणि काय घातले, ते दुसऱ्याला रंगात दिसते. मग दुसरा स्वयंसेवक ते तपासतो. छापील पुस्तकासारखे झाले की आरंभीच्या पानांवर, या आवृत्तीला हातभार लावणारे आणि आधीच्या आवृत्त्यांना लावणारे, अशी सगळ्यांची नावे येतात. यात प्रोग्रामिंगचा कुठेही संबंध नाही. पत्र लिहिता येणाऱ्या आणि इंग्रजी समजणाऱ्या कुणालाही जमेल असे हे काम आहे, फक्त चिकाटी हवी. ताळेबंद जुळेपर्यंत घरी न जाण्याची सवय असलेल्यांना तर ते विशेष मानवते.

सगळे प्रकल्प असे पुस्तकी पद्धतीने चालत नाहीत. बऱ्याच ठिकाणी माहितीचा मजकूर साध्या अक्षरी फायलींमध्ये, सॉफ्टवेअरच्या स्रोताशेजारीच ठेवलेला असतो आणि त्यावर 'गिट' नावाच्या साधनाची देखरेख असते. हे साधनही तोरवाल्ड्स यांनीच २००५ साली तयार केले. नवख्याला ते बिचकवते, पण बँकेत काम केलेल्याला ते चटकन ओळखीचे वाटावे. आपल्याकडे 'मेकर' आणि 'चेकर' असतात ना? एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मान्य करायची, तोवर ती खात्याला लागत नाही. इथेही तेच. तुम्ही सुचवलेला बदल प्रस्ताव म्हणून जातो, प्रकल्प सांभाळणारा तो वाचतो, मान्य करतो किंवा शेऱ्यासह परत पाठवतो. आणि मान्य झालेली नोंद सहसा खोडत नाहीत. चुकली तर उलट नोंद करायची. कुणी, कधी, काय बदलले हे नोंदलेले राहते. लेजरची शिस्त जिवंत ठेवल्याबद्दल या मंडळींचे आभारच मानले पाहिजेत.

पहिला प्रस्ताव अगदी किरकोळ असावा. शुद्धलेखनाची चूक, तुटलेला दुवा, गाळलेली पायरी. एका शब्दाची दुरुस्ती पाठवायला संकोच वाटतो, पण ती मान्य होईपर्यंतचा सारा मार्ग एकदा पायाखालून जातो आणि तोच खरा लाभ. ग्रंथपालांना सूची करता येते, शिक्षकांना प्रश्न काढता येतात, ज्यांचा हात चित्रकलेत बरा आहे त्यांना आकृत्या काढता येतात. ज्यांना काहीच लिहायचे नाही त्यांनी नीट तक्रार करावी. तक्रार करणे ही आपल्याकडे भरपूर असलेली कला आहे, पण 'चालत नाही' ही तक्रार नव्हे. मी काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय झाले, या तीन ओळी असल्या तर तिला किंमत येते.

लिहायचेच असेल, तर काय लिहितो आहोत ते आधी ठरवावे. दानिएले प्रोचिदा यांनी या क्षेत्रात एक उपयुक्त विभागणी मांडली आहे आणि तिचे दाखले तेही स्वयंपाकघरातूनच देतात. मुलाला हाताशी धरून स्वयंपाक शिकवणे, ही झाली शिकवणी. एखाद्या पदार्थाची पाककृती, ती वेगळी. ती वाचणाऱ्याला विळी धरता येते हे गृहीत असते. पाकिटावर छापलेली घटकांची यादी, हा कोश. आणि कांदा परतला की गोड का होतो, हे विवेचन. पुस्तिका बिघडते ती या चौघांची खिचडी केल्याने. शिकवणी चालू असताना मधेच दीड पान विवेचन आले की शिकणारा उठून जातो. कोश प्रोग्रामरांनाच करू द्यावा, त्यांना तो चांगला जमतो. शिकवणी आणि पाककृती यांत मात्र आपल्यासारख्यांचा हात हवा.

मी आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा शैलीबद्दल एक सांगतो. या लेखनात विशेषणांना जागा नाही. सगळ्यांत घातक शब्द तीन : 'सोपे', 'साधे' आणि 'फक्त'. 'फक्त एवढेच करा' असे वाचणाऱ्याला ते जमले नाही, तर तो पुस्तिकेला दोष देत नाही, स्वतःला देतो आणि संगणक बंद करतो. 'गूगल'च्या तांत्रिक लेखनाच्या नियमावलीतही असे शब्द टाळा म्हणून सांगितले आहे. आणखी एक. आधी जागा सांगावी, मग कृती. 'अमुक बटण दाबा, ते तमुक मेनूत आहे' असे लिहिले की वाचणारा अर्ध्या वाक्यातच बटण शोधू लागतो.

आता मराठीकडे येऊ. इथे प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. मराठी लिहिणाऱ्याला अशा अडचणी येतात, ज्या मूळ पुस्तिका लिहिणाऱ्या गोऱ्या माणसाला जन्मात येणार नाहीत. लिबरऑफिसमध्ये परिच्छेदाची शैली ठरवताना अक्षरांच्या आकाराचे वेगळे रकाने असतात. एक पाश्चात्त्य लिपीसाठी आणि एक देवनागरीसारख्या जटिल लिपींसाठी. पहिल्या रकान्यात बाराचे सोळा केले, तर इंग्रजी अक्षरे मोठी होतात आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. दुसरा रकाना मुळात दिसावा म्हणून भाषेच्या पर्यायांत जाऊन जटिल लिपींची सोय चालू करावी लागू शकते. कारण समजले तर दोन मिनिटांचे काम. नाही समजले तर 'यात मराठी नीट चालत नाही' असा निकाल लागतो आणि तो कायम होतो. हिशेबाच्या तक्त्यात लाख-कोटींच्या जागी स्वल्पविराम कसे आणायचे, मराठी याद्या अकारविल्हे कशा लावायच्या, जुन्या टंकात लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, असे किती तरी प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे हेलसिंकीहून येणार नाहीत.

मी अशा शाळा पाहिल्या आहेत, जिथे देणगीदाखल आलेल्या संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर होते. गुरुजींनी उघडून पाहिले, दोन ठिकाणी अडले, विचारायला कुणी नाही, मराठीत वाचायला काही नाही. पंधरा दिवसांत कुणीतरी ओळखीच्याने विकतच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत टाकून दिली. जे कायदेशीर आणि मोफत होते ते गेले आणि चोरीचे आले, मध्ये कमी होती ती चार पानांच्या मराठी टिपणाची. केरळमध्ये सरकारी शाळांतले संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, आणि त्याची पाठ्यपुस्तके मल्याळममध्येही आहेत. तिथले गुरुजी आपल्या गुरुजींपेक्षा हुशार आहेत असे मानायचे कारण नाही.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. 'रेड हॅट' कंपनीने २००४ साली भारतीय लिप्यांसाठी 'लोहित' हे मुक्त टंक उपलब्ध केले, पुढे त्यांत मराठीचा टंकही आला. २००८ साली 'फ्युएल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांना प्रत्येक भारतीय भाषेत एकच ठरलेला प्रतिशब्द असावा, हा त्याचा हेतू. एकाने 'जतन करा' म्हणायचे, दुसऱ्याने 'साठवा', तिसऱ्याने 'सुरक्षित करा', आणि वापरणाऱ्याने तीन वेगळी बटणे समजायची, हा घोळ त्यातून टळतो. शब्द ठरवताना वाद होणारच. माझे मत विचाराल तर 'फाइल'ला 'संचिका' म्हणण्याचा हट्ट नको. ज्या देशात फाइल हरवणे हा रोजचा व्यवहार आहे तिथे तो शब्द परका राहिलेला नाही. पण 'डिलीट'ला 'काढून टाका' म्हणायला काय हरकत आहे? हे ठरवायला भाषेचा कान लागतो, संगणकशास्त्राची पदवी नव्हे. ज्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले त्यांनी या वादात उतरले पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुंबईच्या आयआयटीमधला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी तो उभा केला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, साधारण दहा-दहा मिनिटांच्या बोलक्या चित्रफिती. पडदा इंग्रजीतलाच राहतो, कारण पुढे नोकरीत तोच दिसणार. समजावणारा आवाज मात्र मराठी, तमिळ, बंगाली अशा आपल्या भाषेत. शिकणाऱ्याने चित्रफीत एका बाजूला आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला उघडून, थांबत थांबत तेच करत जायचे. चित्रफितीआधी संहिता लिहावी लागते. भाषांतर करणारे आणि आवाज देणारे प्रोग्रामर असण्याची गरज नाही. पण खरी कमाल पुढे आहे. ध्वनिमुद्रणाआधी ती संहिता अशा माणसाला देतात ज्याला ते सॉफ्टवेअर अजिबात येत नाही. त्याने ती वाचून प्रत्येक पायरी करून पाहायची. तो जिथे अडेल तिथे संहिता बदलायची. नवशिक्याची तपासणी, असे त्या टप्प्याचे अधिकृत नावच आहे. न येणाऱ्या माणसाला पद आणि अधिकार देणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही.

हे सगळे गुलाबी आहे, असे मात्र कुणी समजू नये. पाठवलेल्या दुरुस्तीला आठवडेच्या आठवडे उत्तर येत नाही, कारण पलीकडचा माणूसही नोकरी सांभाळून हे करत असतो. उत्तर आले तरी दोन ओळींचे, कोरडे. 'आपले पत्र पावले, आनंद झाला' ही रीत तिकडे नाही. त्याचा राग मानू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या मुक्त सॉफ्टवेअरवर बड्या कंपन्या अब्जावधी कमावतात. मग निवृत्तांनी आणि गृहिणींनी त्यांच्यासाठी फुकट का राबायचे? प्रश्न रास्त आहे. 'गूगल'ने २०१९ पासून काही वर्षे तांत्रिक लेखकांना अशा कामासाठी मोबदला देणारी योजना चालवली, पण तो अपवाद. माझ्यापुरते उत्तर असे की मुक्त परवान्याखाली लिहिलेले पान कंपनीने वापरले तरी ते गावातल्या वाचनालयाकडून हिरावून घेता येत नाही. जिथे परवाना मुक्त नाही, तिथे मात्र एक ओळही फुकट लिहू नये. लिहिण्याआधी परवाना वाचावा. मुदतठेवीच्या पावतीमागचे बारीक टाइपातले वाचतो तसा.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता कृत्रिम बुद्धी असे मजकूर क्षणात लिहून देते, मग माणूस कशाला? भाषांतराचा पहिला खर्डा ती करून देते, हे खरे. पण तिने बटण दाबून पाहिलेले नसते. अस्तित्वात नसलेल्या मेनूतले, अस्तित्वात नसलेले बटण ती ठामपणे दाबायला सांगते, आणि तेही शुद्ध भाषेत. खुर्चीत बसून, लिहिल्याप्रमाणे होते का हे पाहणारे दोन डोळे त्यामुळे आता जास्तच लागतात.

आणि या कामाला मान आहे का, असे विचारणाऱ्यांसाठी. 'डेबियन' हा १९९३ साली सुरू झालेला जुना आणि कडक प्रकल्प. तिथे सॉफ्टवेअरच्या गठड्या बांधणाऱ्यांनाच सभासदत्व आणि मत असे. २०१० साली त्यांनी आपसांत मतदान घेऊन ठरवले की लेखन, भाषांतर यांसारखी कामे करणाऱ्यांनाही पूर्ण सभासद म्हणून घ्यावे. डॉक्युमेंट फाउंडेशनमध्येही सातत्याने काम करणाऱ्या कुणालाही, मग त्याने प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नसो, सभासदत्व मागता येते आणि संचालक मंडळ निवडण्याचा हक्क मिळतो. ज्यांनी आयुष्यभर सोसायटीच्या सर्वसाधारण सभा गाजवल्या त्यांना यात रस वाटायला हरकत नाही.

सुरुवात करायची तर आपण स्वतः अजून शिकलो नाही, असे एक मुक्त सॉफ्टवेअर निवडावे. लिबरऑफिस चालेल, छायाचित्रांचे 'गिम्प' चालेल. कळफलकाशेजारी वही ठेवावी. अडलो की आधी लिहायचे, मग उत्तर शोधायचे. उलटे केले की अडलेली जागा विसरते. पंधरा दिवस हेच. त्यानंतर वहीतली एकच अडचण निवडून मराठीत एक पान लिहावे आणि घरातल्या, ते सॉफ्टवेअर न येणाऱ्या माणसाच्या हाती देऊन, त्याच्या मागे तोंड मिटून उभे राहावे. तोंड मिटून हे महत्त्वाचे. तो अडेल तिथे खूण करावी, पान दुरुस्त करावे आणि मग प्रकल्पाकडे पाठवावे. मदतीच्या मेनूत आवृत्तीचा क्रमांक सापडतो. तो आणि त्या दिवसाची तारीख पानाच्या डोक्यावर लिहायला विसरू नये, कारण पुढच्या फेब्रुवारीत ते पान कुणाला तरी पुन्हा तपासायचे असते.